मावशी थेट ठेवा, जबाबदारीसकट ठेवा

‘थेट बाई ठेवण्याच्या भानगडीत पडू नका, ब्युरोकडूनच घ्या.’ घरात कुणी अंथरुणाला खिळलं की हा सल्ला चहूबाजूंनी येतो. रुग्णालयातून घरी सोडताना वॉर्डातलं कुणीतरी देतं, सोसायटीतले शेजारी देतात, परदेशी असलेली मुलं फोनवरून तोच ठासून सांगतात. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्यामागे एक समजूत आहे: ब्युरो म्हणजे सुरक्षितता आणि थेट ठेवलेली मावशी म्हणजे जोखीम. ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायी म्हाताऱ्या माणसांची आबाळ होते आणि त्यांची सेवा करणाऱ्या बायकांचं नुकसान होतं.

हा प्रश्न आता चार घरांपुरता राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात साठीपुढच्या माणसांचं प्रमाण २०२२ मध्ये १०.५ टक्के होतं आणि २०५० पर्यंत ते २०.८ टक्क्यांवर जाईल. मुलं दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात, सुना-लेकी नोकरीवर, आणि घरात आंघोळीपासून औषधापर्यंत प्रत्येक गोष्टीला माणूस लागणारे आई-वडील. हे चित्र पुण्यात जितकं आहे तितकंच सांगलीत आणि पणजीत आहे. अशा घरात कुणाला आणि कसं आणायचं, याचा निर्णय भीतीपोटी होता कामा नये.

ब्युरोच्या बाजूनं जे मुद्दे मांडले जातात ते एकेक करून घेऊ.

पहिला मुद्दा पडताळणीचा. ब्युरोनं माणूस तपासलेला असतो, असं म्हणतात. तपासलेला म्हणजे काय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. अनेकदा ब्युरोच्या फायलीत आधार कार्डाची झेरॉक्स, एक फोटो आणि एक मोबाइल नंबर एवढंच असतं. पोलीस पडताळणी झाली असेल तर ती कधीची, कोणत्या पत्त्यावरची, हे कागद मागितल्याशिवाय कळत नाही. आणि पडताळणीतून फार तर एवढंच समजतं की त्या व्यक्तीवर गुन्ह्याची नोंद आहे की नाही. रात्री दोन वाजता चौथ्यांदा हाक मारणाऱ्या आजोबांशी ती कशी बोलेल, हे कोणत्याही पोलीस ठाण्याचा कागद सांगत नाही. शिवाय ही पडताळणी कुटुंबाला स्वतः करून घेता येते, त्यासाठी मध्यस्थ लागत नाही.

ब्युरो ‘रजिस्टर्ड’ आहे, असंही अभिमानानं सांगितलं जातं. पुष्कळदा ती नोंदणी गुमास्त्याची असते, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची. २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेनं धंदा सुरू केल्याची सूचना दिली तरी पुरतं. या नोंदीत रुग्णाची काळजी कशी घेतली जाते याची तपासणी कुठेच येत नाही. किराणा दुकानाला लागतो तोच हा कागद. त्यावर आईचा जीव सोपवणं म्हणजे सावधपणा, असं मला मान्य नाही.

खरी पडताळणी वेगळी असते आणि ती घरच्यांनाच करावी लागते. मावशींनी याआधी ज्या घरांत काम केलं त्यातल्या किमान दोन घरांशी बोलायचं. ‘बाई चांगली आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी, त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘काम का सुटलं?’, ‘रुग्ण चिडला तेव्हा त्या काय करायच्या?’, ‘पुन्हा गरज पडली तर यांनाच बोलवाल का?’ हे प्रश्न विचारायचे. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी समोरचं माणूस किती वेळ थांबतं, त्यातच बरंचसं कळतं. त्यानंतर पहिला आठवडा घरातल्या कुणीतरी रजा काढून सोबत राहायचं. ब्युरोमार्फत माणूस आला तरी यातलं काहीच टळत नाही. टळतं असं आपल्याला वाटतं, आणि धोका तिथेच आहे.

दुसरा मुद्दा प्रशिक्षणाचा. ब्युरोकडून ‘ट्रेन्ड’ माणूस मिळतो, हा दावा. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या जातात. एएनएम किंवा जीएनएम झालेली परिचारिका ही एक गोष्ट, तिची राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक मागता येतो. कौशल्य विकास योजनेतला ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’चा अभ्यासक्रम केलेली व्यक्ती ही दुसरी गोष्ट, तिच्याकडे प्रमाणपत्र असतं. आणि कुठलंही शिक्षण न घेता, चार घरांत काम करून हात बसलेली मावशी ही तिसरी. तिघींचीही गरज वेगवेगळ्या घरांत असते. पण दर पहिलीचा आणि माणूस तिसरीतला, असं घडलं की दोष मावशीकडे जात नाही. तो ‘ट्रेन्ड’ हा शिक्का मारून पैसे घेणाऱ्याकडे जातो.

माझ्या आईला पक्षाघात झाला तेव्हा एका ब्युरोकडून आलेल्या मावशींना राइल्स ट्यूबमधून अन्न देणं ठाऊक नव्हतं. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. अन्न देताना डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उचललेली हवी, दिल्यावर निदान अर्धा तास तशीच ठेवायला हवी, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. पाठ फुटू नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला हवी. कॅथेटरची पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली हवी. या गोष्टी एखाद्या कष्टाळू बाईला रुग्णालयातली परिचारिका घरी सोडण्याआधी दाखवून शिकवू शकते, फिजिओथेरपिस्ट उठवण्या-बसवण्याची पद्धत दाखवू शकतो. आम्ही शेवटी तेच केलं, पुढे थेट ठेवलेल्या मावशींच्या बाबतीत. त्यांनी ते असं आत्मसात केलं की नंतर चुकलो तर त्या आम्हाला टोकायच्या. शिकवण्याची ही जबाबदारी कुटुंबाची आहे, माणूस कुठूनही आलेला असो.

तिसरा मुद्दा बदलीचा, आणि तो सर्वात वजनदार आहे. मावशी आजारी पडली, गावी गेली, तर ब्युरो दुसरी पाठवतो. थेट ठेवलेल्या बाईचं काय? घरात एकटं कमावतं माणूस असेल तर ही भीती खोटी नाही. पण बदली म्हणजे नेमकं काय मिळतं, तेही पाहू. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना सकाळी उठल्यावर खोलीत अनोळखी बाई दिसते. ती साडी सोडायला सांगते. आजी ओरडतात, मारतात, जेवत नाहीत. बाईला ठाऊक नसतं की त्यांना आधी देवापाशी नेलं, हातात फुलं दिली, की त्या शांत होतात. हे ज्ञान कोणत्याही अर्जात नसतं, ते एकाच व्यक्तीच्या सहवासात महिन्यांनी साठतं. माणूस बदललं की ते पुसलं जातं. लकवा झालेल्या माणसाची अस्पष्ट झालेली भाषा, कोणत्या कुशीवर झोप लागते, चेहरा कसा झाला की शुगर उतरलीय असं समजायचं, हे सगळं सातत्यातून येतं. दीर्घ आजारात सातत्य हाच काळजीचा गाभा आहे.

मग रजेचं काय करायचं? पहिल्या दिवसापासून दोन माणसं धरायची. एक मुख्य मावशी आणि एक सुट्टीची मावशी. दुसरीला महिन्यातून दोन-चार रविवार ठरवून बोलवायचं, पूर्ण पैसे द्यायचे, म्हणजे तिला घर आणि रुग्ण माहीत होतो. मुख्य मावशी गावी गेली तर दारात अनोळखी चेहरा येत नाही. पुष्कळदा मुख्य मावशीच आपली बहीण, नणंद किंवा जुनी सहकारी सुचवते. थेट ठेवताना सुट्टी हा अडथळा मानणारी घरं हमखास फसतात. सुट्टी गृहीत धरून आखणी करणारी घरं सहसा फसत नाहीत.

चौथा मुद्दा जबाबदारीचा. ‘काही झालं तर ब्युरोला धरता येतं.’ असं म्हणणाऱ्यांनी ब्युरोचा करार एकदा शांतपणे वाचावा. मौल्यवान वस्तूंची जबाबदारी घेणार नाही, रुग्णाच्या प्रकृतीतल्या बिघाडाला जबाबदार नाही, अशी कलमं अनेक करारांत असतात. त्याच करारांत आणखी एक कलम हमखास आढळतं: या व्यक्तीला थेट कामावर ठेवल्यास दंड भरावा लागेल. रुग्णाच्या सुरक्षिततेबद्दल मोघम आणि कमिशनच्या सुरक्षिततेबद्दल काटेकोर, असा हा कागद असतो.

आणि कायद्यानं येणारी जबाबदारी कमिशन देऊन टळत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहतं घर हेही कामाचं ठिकाण धरलं आहे आणि घरकामगार स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. आपल्या घरात काम करणाऱ्या बाईची सुरक्षितता हे आपलं कर्तव्य आहे, ती कुणामार्फतही आलेली असो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. ई-श्रम पोर्टल २०२१ पासून आहे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. थेट ठेवलेल्या मावशींची नोंद करून देणं आणि तो हप्ता भरणं हे एका दुपारचं काम आहे. किती घरांनी ते केलं आहे?

आता पैशाचं बोलू. समजा, एक घर महिन्याला चोवीस हजार रुपये देतं आणि मावशीच्या हातात अठरा पडतात. मधले सहा हजार दर महिन्याला जातात, पहिल्या ओळखीपुरते नव्हे. रात्र ती जागते, पाठ तिची दुखते, आणि वाटा फोनवर बसलेल्याचा. हे अन्यायाचं आहेच, शिवाय काळजीच्या दर्जाला मारक आहे. कमी हातात पडणारी बाई हजार रुपये जास्त देणारं दुसरं घर मिळताच जाते, आणि मग आपण म्हणतो, ‘या बायका टिकत नाहीत.’

इथे मला माझ्याच बाजूच्या काही लोकांशीही भांडायचं आहे. ‘थेट ठेवा, स्वस्त पडतं’ असं सांगणारे माझे सोबती नाहीत. वाचलेले सहा हजार स्वतःच्या खिशात घालून मावशीला पुन्हा अठराच देणारं घर ब्युरोपेक्षा वाईट. ब्युरो निदान बदली तरी पाठवतो. थेट नेमणुकीचं समर्थन एकाच अटीवर होऊ शकतं: वाचलेला पैसा तिच्या पगारात, तिच्या सुट्टीत आणि सुट्टीच्या मावशीच्या मोबदल्यात गेला पाहिजे.

यापेक्षा गंभीर आक्षेप कामगार चळवळीतून येतो, आणि मी त्याचा आदर करते. ते म्हणतात, या बायकांना ‘स्वयंरोजगारी’ म्हणणं ही मालकाची पळवाट आहे. एकदा तिला स्वतंत्र व्यावसायिक ठरवलं की रजा नाही, बोनस नाही, कामाचे तास नाहीत. हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. जी मावशी सकाळी तीन-चार घरी जाऊन आजी-आजोबांना आंघोळ घालते, व्यायाम करून घेते, स्वतःचे दर सांगते, एक घर सोडून दुसरं धरू शकते, ती खऱ्या अर्थानं स्वतंत्र आहे. पण जी बारा किंवा चोवीस तास एकाच घरात, त्या घराच्या सांगण्यानुसार राबते, ती त्या घराची कामगार आहे. तिला स्वतंत्र म्हणून तिची रजा नाकारणं ही सरळ फसवणूक आहे. पुण्यात मोलकरणींनी १९८० मध्ये संप करून संघटना उभी केली ती अशाच वागणुकीविरुद्ध. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला समिती नेमण्याचे निर्देश दिले.

पण या आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग चुकतो. स्वतंत्रपणे काम करणारी बाई एकटी आणि असहाय असलीच पाहिजे, असं कुठे आहे? १९७२ साली अहमदाबादेत इला भट यांनी स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची ‘सेवा’ ही संघटना नोंदवायला नेली, तेव्हा कामगार खात्यानं विचारलं होतं की मालकच नाही तर युनियन कशाची? संघटना मालकाविरुद्धच असावी लागत नाही, कामगारांच्या एकीसाठी ती असते, हे त्यांना पटवून द्यावं लागलं, आणि नोंदणी मिळाली. आपल्या राज्यात तर त्याच्याही आधीचं उदाहरण आहे. हमालाला एक मालक नसतो, आज या पेढीवर तर उद्या त्या. म्हणून १९६९ च्या माथाडी कायद्यानं मंडळं उभी केली. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो, मंडळ कामगाराला मजुरी देतं आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा यांची सोय करतं. १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठीही याच धर्तीवर कायदा झाला. पाठीवर पोतं वाहणाऱ्यासाठी आणि दारावर पहारा देणाऱ्यासाठी जे राज्य हे करू शकलं, ते अंथरुणावरच्या माणसाला उचलणाऱ्या बाईसाठी का करू शकत नाही? सहकाराचा मार्गही मोकळा आहे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानुसार वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दहा जणी एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. मग बदली, ओळख, प्रशिक्षण हे सगळं त्यांचं त्यांना करता येईल आणि वाटा त्यांच्यातच राहील.

थेट मावशी कुठे ठेवू नये, हेही सांगायला हवं. व्हेंटिलेटर, घशातली नळी, शिरेतून औषधं, अशी अवस्था असेल तर नोंदणीकृत परिचारिकाच हवी. मावशीला इंजेक्शन द्यायला किंवा कॅथेटर बदलायला लावणं हा रुग्णावर आणि तिच्यावरही अन्याय आहे. स्मृतिभ्रंश झालेलं माणूस एकटं राहतं, जवळ राहणारा एकही नातेवाईक किंवा मित्र रोज डोकावू शकत नाही, अशा घरात, पर्यवेक्षक खरोखर भेट देत असेल, अशी संस्था बरी. तिथेही करार वाचून, पर्यवेक्षकाच्या भेटीचे दिवस लिहून घेऊनच.

बाकीच्या घरांनी थेट ठेवावं आणि ते कागदावर ठेवावं. कामं कोणती, हे लिहा. कोणती नाहीत तेही लिहा. रुग्णाची भांडी तिची, सगळ्या घराची नाहीत. पगार बँकेत, ठरलेल्या तारखेला. आठवड्याची सुट्टी, दिवाळीचा बोनस, काम सोडताना किंवा सोडवताना एक महिन्याची सूचना. चोवीस तासांची ड्यूटी असेल तर सलग झोपेचे तास, स्वतःचं अंथरूण आणि घरच्यांसारखं जेवण. रात्री दर दोन तासांनी उठावं लागत असेल तर रात्रीसाठी दुसरं माणूस, त्याला पर्याय नाही. कॅमेरा लावायचा असेल तर तिला सांगून, आणि ती कपडे बदलते किंवा झोपते तिथे कधीच नाही. दागिने आणि रोकड कुलपात, म्हणजे पुढे संशयाला जागा राहत नाही. औषध, शुगर, बीपी, लघवी, शौच, जेवण यांची रोजची वही. तिला लिहिता येत नसेल तर खुणांची.

आणि दोन कलमं अशी, जी लिहायला कुणाचीच जीभ रेटत नाही. रुग्ण रुग्णालयात भरती झाला तर त्या दिवसांचा पगार मिळणार का? आणि रुग्ण गेला तर? ज्या दिवशी घरात दुःख होतं, त्याच दिवशी तिची नोकरी जाते. वर्षानुवर्षं ज्यांना भरवलं त्यांच्यासाठी ती रडत असते आणि उद्या कुठे जायचं या विचारात असते. तेराव्यानंतर हातात चार नोटा कोंबण्यापेक्षा, किमान एका महिन्याचा पगार मिळेल हे आधीच लिहून ठेवलेलं असावं. ती दया नाही, तिचा हक्क आहे.

हे सगळं जड वाटत असेल, तर हेच सगळं ब्युरो करत असेल असं आपण आजवर गृहीत धरत होतो, एवढं लक्षात घ्या. ते काम मुळातच आपलं होतं. म्हणून माझी वाचकांना विनंती आहे: तुमच्या घरी आज मावशी किंवा मामा असतील, कुणामार्फतही आलेले असोत, तर या रविवारी त्यांच्यासोबत बसा आणि दोघांना समजेल अशा मराठीत हा कागद लिहा. एक प्रत त्यांच्याकडे द्या. आणि आपल्या आमदाराला विचारा, आजारी माणसांची सेवा करणाऱ्यांसाठी माथाडीसारखं मंडळ कधी होणार?